कपाशीच्या तासातले औषध

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलावर झाले, पीकविम्यावर झाले. आता आम्ही काकडीवर बोलणार आहोत. मागच्या रांगेत हसू फुटले ते दिसले. हसा, पण थोडा वेळ बसा. काकडीच्या निमित्ताने आम्हाला आपल्या घरातल्या एका दुखण्यावर बोलायचे आहे, आणि त्या दुखण्यावर चारचौघांत बोलायची आपल्याला लाज वाटते.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्या भागात 'औषध' म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? फवारणीचा डबा. "औषध मारले का?", "कृषी केंद्रातून कोणते औषध आणले?" असेच आपण विचारतो. आणि एखाद्या घरावर वेळ आली की गाव दबक्या आवाजात म्हणते, "त्याने औषध घेतले." विषालाच औषध म्हणायची आपल्या जिभेला सवय लागली आहे. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारी कागदावर ते कीटकनाशक होते. गावाच्या बोलीत ते औषधच होते.

पण याच कपाशीच्या तासात एके काळी दुसरेही औषध होते. आठवते का? कपाशीत तुरीची ओळ, तुरीच्या ओळीत मूठभर अंबाडी, आणि बांधाकडच्या तासात वाळकाचे, शेंदाडाचे, काकडीचे बी. ज्वारी पोटरीला यायच्या सुमारास वेल पसरलेले असायचे. निंदणीच्या बाया दुपारी तासात शोधून वाळूक काढायच्या, गुडघ्यावर फोडायच्या आणि मिठाच्या खड्याबरोबर खायच्या. दोनचार फळे मुद्दाम पिकायला सोडलेली असायची. त्यांचे बी राखेत घोळून गाडग्यात जायचे.

आमच्यातले काही जण शेतकी कॉलेजात शिकलो. परीक्षेला तणनाशकाचे प्रमाण पाठ केले, पण तासातले वाळूक कोणी शिकवले नाही. पुस्तकाच्या हिशेबात ते पिकात घुसलेले तणच. आम्ही पदवी घेऊन गावात आलो आणि तुम्हाला ओळी स्वच्छ ठेवायला सांगितले. ओळी स्वच्छ झाल्या. त्यांच्याबरोबर काय काय साफ झाले, ते आम्हाला मुरबाडला जाऊन कळले.

मुरबाडच्या वाटेवर

गेल्या श्रावणात आम्ही काही कार्यकर्ते ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत गेलो होतो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत रस्ता माळशेज घाटाला लागतो. हा मुलूख आपल्यासारखा नाही. पाऊस आपल्या दुपटी-तिपटीने. खाली खाचरात भात, वर डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे. आणि श्रावण-भाद्रपदात रस्त्याच्या कडेला बाया काकड्यांचे ढीग मांडून बसलेल्या. हातभर लांब, जाडजूड, पावसाळी काकडी. कोकणात मोठ्या जून काकडीला तवसे म्हणतात. त्याचा कीस गुळात आणि तांदळाच्या रव्यात घालून घारगे करतात, धोंडस करतात.

इतका पाऊस असलेल्या मुलखात पाण्याचे दुःख कसले, असे आम्हाला वाटले. ते चुकीचे निघाले. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे धरण 1892 साली पुरे झाले. तेव्हापासून मुंबई या तालुक्याचे पाणी पिते आहे. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनी दारावरून जाते आणि बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. धरण ज्याच्या जमिनीवर, पाणी त्याचे नाही. हे गणित आपल्याला नवीन नाही. कापूस ज्याचा, भाव त्याचा नाही, हे आपण रोज पाहतोच.

टोकावड्याच्या पुढे एका पाड्यावर ठाकूर समाजातल्या एका आजींच्या घरी आम्ही टेकलो. कुडाच्या भिंतीला शेणाच्या चपट्या थापल्या होत्या आणि त्यात बिया रोवलेल्या दिसत होत्या. काकडीच्या. विचारले, हे कशासाठी? आजींनी सांगितले, पेरायला, आणि कोणाला उन्हाळी लागली तर वाटून प्यायला.

उन्हाळी हा शब्द ऐकला आणि आमच्यातल्या दोघांनी माना खाली घातल्या. दोघांनाही चैत्रापासून तोच त्रास होता, आणि दोघांनीही तो घरात कोणाला सांगितला नव्हता.

आजींचे औषध आणि चरकाचे औषध

उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ, थेंब थेंब होणे, सारखे जावेसे वाटणे. आजींचे औषध साधे. पिकलेल्या काकडीचे सुकवलेले बी चमचाभर, म्हणजे चारपाच ग्रॅम. पाट्यावर बारीक वाटायचे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात, म्हणजे धुवणात, कालवून गाळून घ्यायचे. घरात असेल तर खडीसाखर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोनतीन दिवस.

आम्ही परत आल्यावर एका वैद्यांना हे सांगितले. ते म्हणाले, तुमच्या आजींनी चरकसंहिता वाचलेली दिसते. चिकित्सास्थानाच्या 26 व्या अध्यायात मूत्रकृच्छ्रावर, म्हणजे लघवीच्या अडथळ्यावर, औषधे दिली आहेत. त्यात पित्ताच्या प्रकारावर एर्वारूचे बी, ज्येष्ठमध आणि दारुहळद तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यायला सांगितले आहे. त्रपुसाच्या बियांचाही उल्लेख त्याच अध्यायात येतो. आजींनी अर्थातच चरक वाचलेला नव्हता. उलट, अशाच आज्यांकडे असलेली माहिती चरकाच्या परंपरेने गोळा करून नीट मांडली असेल, असे आम्हाला वाटते. अक्षर पंडितांचे, अनुभव रानातला.

आता त्रपुस कोणते आणि एर्वारू कोणते? त्रपुस म्हणजे आपण कोशिंबिरीला वापरतो ती काकडी, शास्त्रातली कुकुमिस सटायव्हस. हिंदीत तिला खीरा म्हणतात. तिचा रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याला अजून सापडतो, म्हणजे ही वेल मुळात आपल्याच देशातली. एर्वारू ही खरबुजाच्या जातकुळीतली, कुकुमिस मेलो. आपली टरकाकडी, वाळूक, शेंदाड, कोकणातले चिबूड ही बहुतेक याच कुळातली. महामृत्युंजय मंत्रात मरणाच्या बंधनातून सुटण्याला उर्वारूकाची उपमा दिली आहे. शेतकऱ्याला ती लगेच कळते. शेंदाड किंवा चिबूड पिकले की देठापासून आपोआप सुटते. साधी काकडी पिवळी पडली तरी बहुधा वेलीला धरूनच राहते. मंत्र रचणारा माणूस कधीतरी वेलाच्या मांडवाखाली उभा राहिलेला असणार.

युनानी हकीम काकडी आणि टरकाकडी या दोन्हींचे बी एकत्र वापरतात. त्याला ते तुख्म-ए-खियारैन म्हणतात. लघवीच्या तक्रारीवर देतात ते शरबत बजूरी अशाच बियांचे असते. बजूरी म्हणजे बियांचे. आणि उन्हाळ्यात थंडाईत पडतात ते चार मगज म्हणजे टरबूज, खरबूज, काकडी आणि भोपळा यांच्या बियांचा गर. वैद्य, हकीम आणि ठाकूर आजी या तिघांनी तीन वाटांनी येऊन एकाच बीवर बोट ठेवले आहे. इतक्या जणांचा अनुभव उडवून लावण्यासारखा नाही. पण डोळे मिटून मान डोलावण्यासारखाही नाही.

औषध किती आणि पाणी किती

आपली चळवळ हिशेबाची आहे. कापसाचा उत्पादनखर्च आपण पैशापैशाने मांडतो, तसाच हा हिशेबही मांडू.

काकडीच्या शंभर भागांत पंच्याण्णव भाग पाणी असते. उरलेल्यात पोटॅशियमसारखी क्षारद्रव्ये. बियांच्या मगजात तेल आणि प्रथिने भरपूर. काकडीने आणि तिच्या बियांनी लघवी थोडी सुटते. लघवी पातळ झाली की जळजळ कमी होते. शिवाय बी ज्यात कालवून घ्यायचे ते धुवण म्हणजे पेलाभर पाणीच. दोन वेळा दोन पेले पाणी जास्तीचे पोटात गेले. तेव्हा आजींच्या औषधातले निम्मे औषध बियांत असेल, तर निम्मे नक्कीच पाण्यात आहे.

म्हणून आम्ही तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो. उन्हाळी लागतेच का?

मार्च-एप्रिलमध्ये पऱ्हाटी उपटायला, मेमध्ये धसकटे वेचायला आपण रानात असतो. पारा 42-44 अंशांवर. अंगातले पाणी घामावाटे जाते. एक कळशी चार माणसांत दिवसभर पुरवायची. लघवी गर्द पिवळी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. अशाने जळजळ तर होतेच, पण वर्षानुवर्षे असेच चालले तर मुतखडा होतो. डॉक्टर सांगतात की मुतखडा टाळायचा असेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. तेवढी व्हायची तर घाम गाळणाऱ्या माणसाला चारपाच लिटर पाणी सहज लागते. आपल्या रानात माणशी चारपाच लिटर पाणी कोण नेतो?

आणि मायबहिणींनो, तुमचे दुखणे याहून वेगळे आहे. तुम्ही पाणी असले तरी पीत नाही. का पीत नाही, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि इथल्या बहुतेक पुरुषांना ठाऊक नाही. वेचणीच्या रानात आडोसा नसतो. सकाळी सातला घर सोडलेली बाई संध्याकाळपर्यंत बसायला जागा नाही म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढते. तुंबवून धरते. त्यातून लघवीच्या मार्गात जंतूंचे दुखणे लागते, वरचेवर लागते, आणि ती ते कोणाला सांगत नाही. शहापूरच्या पाड्यावर पाणी डोंगर चढून आणावे लागते म्हणून बाई कमी पिते. आपल्याकडे आडोसा नाही म्हणून बाई कमी पिते. दोन्हीकडे काकडीचे बी वाटायची वेळ तिच्यावरच.

हे आम्ही मुद्दाम भर सभेत बोलतो आहोत. कारण कोणी उद्या तुम्हाला सांगेल की शेतकरी बाईच्या दुखण्यावर घरचे औषध आहे, दवाखाना लागत नाही, पैसा लागत नाही. घरचे औषध आहे, हे खरे. पण औषधाने कारण जात नाही. रानात पाण्याचा माठ आणि चार काठ्यांना बांधलेले जुने लुगडे, एवढा आडोसा करायला किती खर्च येतो? ज्याच्या रानात वीस बाया वेचतात त्याने तो करायचा. हे काम संघटनेचे आहे, वैद्याचे नव्हे.

कुठे थांबायचे

आता काकडीच्या बियांकडून काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही आणि बाजारात डबीतून चूर्ण विकणारा यांत फरक काय?

काकडीच्या बियांनी मुतखडा विरघळतो असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते औषधाने विरघळत नाहीत. लहान खडा भरपूर पाण्याने वाहून जातो, मोठा अडकतो. तेव्हा थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेले, कमरेत किंवा कुशीत असह्य कळ आली, लघवी बंदच झाली, तर पाटा-वरवंटा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाई, साखरेचा आजार असलेला माणूस आणि लहान मूल यांना जळजळ झाली तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ज्याची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत त्याने पाणी आणि पोटॅशियम डॉक्टर सांगेल तेवढेच घ्यायचे. त्याने हे बी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि धडधाकट माणसालाही दोनतीन दिवसांत उतार पडला नाही तर पुढे वाट पाहू नये.

दुसरे, कडू काकडी. वेलीला पाण्याचा ताण पडला, ऊन तापले, की काही जातींत कडवटपणा उतरतो. तो देठाकडे जास्त असतो. म्हणून आपल्या आया देठाकडचा तुकडा कापून आधी चाखायच्या. ही रीत सोडू नका. या कडूपणाला शास्त्रात कुकुर्बिटासिन म्हणतात. ते जास्त पोटात गेले तर उलट्या, जुलाब, रक्तस्राव होतो. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने समिती नेमली, आणि कडू लागला तर दुधीचा रस पिऊ नये असा सल्ला दिला गेला. काकडी त्याच कुळातली. 'कडू ते औषधी' ही समजूत इथे जीव घेऊ शकते. कडू लागली की फेकून द्या.

तिसरे आणि आपल्या भागासाठी सगळ्यांत महत्त्वाचे. दुकानातल्या पाकिटातले काकडीचे बी लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे असते. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते पेरायचे बी आहे. ते वाटून प्यायचे नाही, पोरांच्या हाती द्यायचे नाही. औषध या शब्दाचे दोन अर्थ इथे एकाच पाकिटात येतात, म्हणून सावध राहा. तसेच फवारलेल्या कपाशीच्या तासात वाळूक आपसूक उगवले असेल तर ते खायचे नाही. कपाशीला मारतात ती बरीच विषे पानातून झाडाच्या रसात उतरतात. वेलीने ती घेतली तर वरून धुऊन जात नाहीत.

बी जपायचे म्हणजे काय

तुम्ही म्हणाल, मग औषधाची काकडी आणायची कुठून? आपल्याच रानातून. पण त्यासाठी रानाचा एक कोपरा विषाबाहेर ठेवावा लागेल.

घरापाशी किंवा विहिरीपाशी, फवारणीचे वारे पोचणार नाही अशा जागी, पावसाच्या सुरुवातीला चार आळी करा. गावात कोणाकडे जुने वाळूक, जुनी काकडी असेल तर ते बी घ्या. नसेल तर विद्यापीठाच्या सरळ वाणाचे, रंग न लावलेले मिळाले तर तेच, घ्या. पुना खिरा हा जुना आणि लवकर येणारा वाण आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शीतल डोंगरउतारासाठी काढलेली आहे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी धरू नका, पिढी फुटते.

काकडीचे परागीकरण मधमाश्या करतात. बियाणे प्रमाणीकरणात दोन वाणांमध्ये 500 मीटर अंतर धरतात. घरच्या बियांना एवढी काटेकोरी नको, पण एका आळीत दहा जाती लावू नका. कडू फळ निघालेल्या वेलीचे बी धरूच नका. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातली दोन निरोगी फळे वेलीवर पूर्ण पिवळी-तांबूस होईतो ठेवा. उतरवल्यावर आठवडाभर सावलीत राहू द्या. मग चिरून गर-बी मडक्यात एक दिवस आंबू द्या. वरची साय सुटते, पोचट बी तरंगते, भरीव बी तळाला बसते. धुवा, सावलीत खडखडीत वाळवा. पेरायचे बी राखेत ठेवा. प्यायचे बी कोरड्या बरणीत वेगळे ठेवा. ही दोन्ही भांडी एकाच फळीवर आणि फवारणीच्या डब्याशेजारी ठेवू नका, हे पुन्हा सांगतो.

शहापूरचा डोंगर चढून पलीकडे उतरले की अकोले तालुका लागतो. तिथे कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंना शाळा मिळाली नव्हती. आम्हाला पदव्या मिळाल्या. बी मात्र त्यांनी राखले.

बाजाराचा विचार

आता शेवटचा प्रश्न. खिशात हात घालून बसलेल्या काही जणांनी तो मनात विचारला असेलच. या बियांना भाव आहे का?

खरे सांगायचे तर काकडीचे बी औषधासाठी विकून कर्ज फिटणार नाही. बियांसाठी काकडी लावली तर हेक्टरी एकदोन क्विंटलच्या घरात बी मिळते. पण ठरलेला घेणारा नसेल तर ते व्यापाऱ्याच्या मर्जीवर. मगज म्हणून बाजारात जास्त चालते ते टरबुजाचे बी. ते सुदानसारख्या देशांतून आयात होते, आणि त्या आयातीचे दार सरकार कधी लावते, कधी उघडते. 2024 साली उन्हाळ्यात असेच थोड्या काळापुरते दार उघडले होते. सरकारच्या मर्जीवर हलणाऱ्या बाजाराचा अनुभव कापूसवाल्याला वेगळा सांगायला नको. तेव्हा कोणी येऊन "औषधी काकडी लावा, एकरी लाखो मिळवा" म्हटले, तर आधी त्याच्याकडून खरेदीचा लेखी करार मागा.

काकडीत पैसा आहे तो दुसऱ्या जागी. कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत लहान लोणच्याची काकडी, घेर्किन, करारावर पिकवतात. 2020-21 साली भारतातून काकडी आणि घेर्किन मिळून 2,23,515 टन माल बाहेर गेला, त्याचे 22 कोटी 30 लाख डॉलर आले. सरकारच्या आकड्याप्रमाणे सुमारे 90,000 छोटे शेतकरी त्यात आहेत. पण त्याला हुकमी पाणी लागते, रोजची तोडणी लागते. कोरडवाहू माणसाने ते पाहून धावू नये.

मुरबाड-शहापुरातून शिकण्यासारखे आहे ते वेगळेच. 2020-21 च्या कोरोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांच्या एका गटाने वनधन योजनेखाली रानातली गुळवेल गोळा केली, वाळवली आणि थेट मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. गुळवेल काही त्या वर्षी उगवली नव्हती. आजोबा-पणजोबांपासून ती रानात होती आणि मधल्या दलालाला मातीमोलाने जात होती. फरक पडला तो एकत्र तोलण्याने, वाळवण्याने, आणि विकत घेणाऱ्याशी स्वतः बोलण्याने. माल तोच, माणसेही तीच. फक्त तराजू कोणाच्या हातात, एवढेच बदलले.

आणखी एक ध्यानात ठेवा. 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिले गेले. आपल्या घराघरातली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? जुन्या ग्रंथांत आणि नियतकालिकांत ते आधीच लिहिलेले होते म्हणून. जे लिहिले होते ते कामी आले. आजींच्या तोंडात जे आहे आणि कोणी लिहिले नाही, ते आजींबरोबर जाते. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त नोंदलेल्या वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हक्क आहे. राखायला बी उरले पाहिजे.

आणि विकायला गेलात तर खोटे बोलू नका. 1954 च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने मुतखडा बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. आम्ही कायद्यांचे फार कौतुक करणारे नाही. पण आपल्यासारख्याच कुणा शेतकऱ्याला खोट्या आशेवर दवाखान्यापासून लांब ठेवायचे, हे आपल्यालाही मान्य नाही.

आता करायचे काय

ठराव मोठे करू नका. तीनच कामे सांगतो.

पहिले, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा. वाळूक, शेंदाड, काकडी यांचे बी कोणाकडे आहे, कोणत्या दुखण्यावर काय देत होते, किती देत होते, ते वहीत लिहा. पुढच्या बैठकीला वही आणि चिमूटभर बी घेऊन या. इथेच वाटून घेऊ.

दुसरे, प्रत्येक घरी विषाविना चार आळी. सांगायला छोटी गोष्ट आहे. ज्या रानात प्रत्येक तासावर फवारा जातो, त्या रानात चार आळी राखणे किती अवघड आहे, हे करून पाहिल्यावर कळेल.

तिसरे, येत्या वेचणीला ज्याच्या रानात बाया कामाला असतील त्याने पाण्याचा माठ आणि आडोसा केलाच पाहिजे. संघटनेचा बिल्ला छातीला लावणाऱ्याने तर आधी केला पाहिजे. पुढच्या बैठकीत आम्ही कापसाचा भाव विचारण्याआधी हे विचारणार आहोत, आणि उत्तर पुरुषांकडून नव्हे, बायांकडून घेणार आहोत.

निघताना त्या पाड्यावरच्या आजींनी भिंतीवरची एक चपटी काढून आमच्या हातात दिली. आम्ही पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. बी विकत द्यायचे नसते, उगवले तर परत आणून द्या, म्हणाल्या. तिच्यातून सतरा बिया निघाल्या. त्या आम्ही आज इथे आणल्या आहेत. सतरा गावांना एकेक. पुढच्या श्रावणात आजींचे देणे फेडायला मुरबाडला जायचे आहे. कोण कोण येणार, ते आता हात वर करून सांगा.